तोरणाखाली वाकाटकांची राणी

वाकाटक राजांची नावं मला झोपेतून उठवून विचारली तरी ओळीने सांगता येतील. कोण कोणाचा मुलगा, कोणी कोणाची लेक सून करून आणली, कोण तरणा असतानाच मेला, कोणी कोणतं गाव कोणाला दान दिलं, सगळं. या ज्ञानावर मी भाषणं केली आणि शाली-नारळ घेतले. पण त्याचा माझ्या हातून खराखुरा उपयोग एकदाच झाला. माझ्या विधवा वहिनीला भर पोळ्यात, गावासमोर खाली पाहायला लावण्यासाठी मी त्यातलं एक नाव वापरलं. चुकून होते तिला चूक म्हणतात. ही मी बसून, यमक जुळवून, एक ओळ खोडून दुसरी चांगली लिहून केली. तरी चूकच म्हणतो, कारण दुसरा शब्द लिहायला हात धजत नाही.

आमचं गाव आष्टीच्या बाजूचं. मी पुलगावला शाळेत इतिहास शिकवत होतो आणि शनिवारी दुपारच्या एसटीने गावी येत होतो. मोठा भाऊ शेती पाहायचा. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो तापाने गेला. मागे वहिनी, दोन लहान पोरं, कापसाचं वावर आणि एक बैलजोडी राहिली. मी सुशिक्षित दीर. सांत्वन करणं मला भाग होतं आणि सांत्वनाचे शब्द माझ्याकडे नव्हते. इतिहास होता. तेव्हा मी वहिनीला प्रभावतीची गोष्ट सांगितली.

वहिनी गव्हाचे खडे निवडत होती. मी म्हटलं, आपल्या या भागावर पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी वाकाटक राजे राज्य करत होते. पवनारला त्यांची राजधानी होती असं विद्वान म्हणतात. त्यांच्यातला एक राजा तरुणपणीच गेला, पोरं लहान होती. तेव्हा त्याच्या राणीने, प्रभावतीने, पोरांच्या नावाने राज्य चालवलं. एक-दोन नाही, बरीच वर्षं. वहिनी, तुम्हीही तशाच आहात.

वहिनीचे हात थांबले. "मंग पोरं मोठे झाले?"

"झाले. एक मोठा राजा झाला."

"अन् तिले कोनी कारभारातून काढलं नाई?"

"नाही."

ती पुन्हा खडे निवडू लागली. मी समजलो गोष्ट संपली. ती संपली नव्हती. मी सांगून मोकळा झालो होतो आणि तिने ती खरी धरली होती.

आता राजांबद्दल थोडं बोलतो, कारण इतकी वर्षं त्यांची आरती मीच ओवाळली आहे. एकाने अश्वमेधावर अश्वमेध केले आणि स्वतःला सम्राट म्हणवून घेतलं. एकाची आज आठवण निघते ती बहुतेक त्याच्या सासऱ्यामुळे. शेवटी शेवटी एकाने राज्य प्रधानावर टाकलं आणि स्वतः चैन केली. हे त्याच्याच बाजूच्या माणसांनी दगडात कोरून ठेवलं आहे आणि तेही कौतुकाने. बाकीच्यांनी गावं वाटली. कसणारे तिथेच राहिले, फक्त त्यांचा मालक बदलला आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं गेलं. आपण ज्याला सुवर्णयुग म्हणतो त्यातलं आमच्या जिल्ह्यात नांगराला लागलं ते हे तांबं.

त्या पत्र्यांवर एक ठरलेला मजकूर असतो. दान दिलेल्या गावाला कशाकशातून सूट आहे त्याची ती यादी. या गावाने राजाच्या माणसांना दूध देऊ नये, फुलं देऊ नयेत, पाळीपाळीने बैल देऊ नयेत. वर्गात हे मी राजाच्या उदारपणाचं उदाहरण म्हणून शिकवायचो. ज्या गावांना सूट नव्हती त्यांचे बैल राजाची माणसं घेऊन जात, हा त्याचा सरळ अर्थ माझ्या कधी डोक्यात आला नाही. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात तो आला नाही, यावरून ते डोकं काय कामाचं होतं ते समजावं.

आणि प्रभावतीबद्दल पुस्तकात एक वाक्य असायचं: तिने वडिलांच्या मदतीने राज्यकारभार केला. वडील गुप्त घराण्याचे सम्राट होते. त्यांनी आपली माणसं पाठवली असणार, असं विद्वानांचं अनुमान. परीक्षेत या वाक्याला पूर्ण गुण मिळत. मीच देत होतो.

भाऊ गेल्यावर वहिनीने शेती चालवली. सालदार पहिल्याच वर्षी सोडून गेला, बाईच्या हाताखाली राहायला त्याला कमीपणा वाटला. मग तिने स्वतः वखर धरला. कापसाची पऱ्हाटी उभी राहिली, तूर झाली, बैलांच्या अंगावर मांस चढलं. शनिवारी मी यायचो, कडक इस्त्रीच्या पँटीत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहायचो आणि "इकडे बी जरा पातळ पडलं" असं काहीतरी म्हणायचो. गावात कोणी वहिनीचं कौतुक केलं की मी मान हलवायचो. "आपण आहोत ना लक्ष द्यायला." हे वाक्य मी इतक्या लोकांना ऐकवलं की शेवटी माझाही त्यावर विश्वास बसला.

मग तो पोळा आला. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि त्यांच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वहिनी बैलांचे खांदे चोळत होती. मी ओसरीवर बसलो होतो. भाऊ गेल्यापासून पोळ्याला जोडी तोरणाखाली न्यायचा मान माझा होता. वर्षभर मी बैलाला हात लावत नसे, पण त्या दिवशी फेटा बांधून कासरा धरायचो आणि गाव मला राम राम करायचं.

वहिनी पाठ न वळवता म्हणाली, "भाऊजी, उद्याचा कासरा पोराच्या हाती राहू द्या. बैल त्याचे हायेत."

"तो लहान आहे. जोडी आवरेल का त्याला?"

"म्हनून एका अंगानं मी चालीन."

मी हसलो. "वहिनी, बाया तोरणाखाली जातात का कधी?"

"बाया वखरामांगं जातात का? मी गेली तं कोनी इचारलं नाई, बाई काऊन वखर धरून राह्यली म्हनून."

"लोक हसतील."

"हसू द्या. तुमच्या त्या रानीले हसले नसतीन का? तिचं नाव तुमाले मालूम हाय. हसनाऱ्याचं हाय का?"

मी पिशवीतली वही घेतली आणि उठून बाहेर गेलो.

पोळ्याला आमच्या भागात झडत्या म्हणतात. बैल तोरणाखाली ओळीने उभे राहिले की कोणीतरी पुढे येतो आणि चार ओळींचा टोमणा मोठ्याने म्हणतो. सावकार, सरपंच, कंजूष, आळशी, कोणीही सुटत नाही. शेवटी सगळे महादेवाचा गजर करतात आणि पुढची झडती येते. रीत अशी की त्या दिवशी कोणी राग धरायचा नाही आणि झडती कोणी रचली हे कोणी विचारायचं नाही. भेकड माणसासाठी यापेक्षा सोयीची जागा देवाने केली नसेल.

गावात झडत्या म्हणणारा एक म्हातारा होता. त्याचा आवाज पांदणीच्या, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या, पार ऐकू जायचा. त्याला वाचता येत नव्हतं. तो ऐकून पाठ करायचा. त्या संध्याकाळी मी त्याच्या अंगणात बसून माझी झडती त्याला ऐकवली:

धुऱ्यावर बाभूळ, बाभळीले काटे,
परभावती रानी आली, सोडा रे वाटे.
कपाळ कोरं, कासरा हाती, राजाचा तिले मान,
बैल बसले चुलीपुढं, बाई नांगरते रान.

म्हाताऱ्याने दोनदा ओठांत घोळवली. "हे परभावती कोन व्हय, मास्तर?"

"जुनी राणी आहे एक."

"आपल्या अंगची?"

"जवळपासचीच."

तो पुन्हा पुटपुटला आणि तिसऱ्या ओळीशी अडला. "हे कपाळाचं जड हाय जी. घरात मानूस मेलं तिच्या."

"पोळ्याला कोणी राग धरतं का?"

"राग नाई धरत, मास्तर. पर आयकू तं येते."

तरी त्याने ती घेतली. शिकलेल्या माणसाने घरी येऊन दिलेली झडती त्याला पहिल्यांदाच मिळत होती. मी त्याच्यावर दोष ढकलत नाही. त्याने विचारलं होतं. मी स्वतःला विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वहिनीने बैल नदीवर धुऊन आणले, शिंगं रंगवली, बाशिंगं बांधली. भावाची जुनी टोपी पोराच्या डोक्यावर घातली, ती त्याच्या कानांवर आली. पोरगा एका बाजूला, वहिनी दुसऱ्या बाजूला, मध्ये जोडी, असे ते भर दुपारी घरातून निघाले. दारादारात बाया उभ्या होत्या. मी मागून, बऱ्याच अंतरावरून चालत होतो. मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. आमची जोडी ओळीत लागली. एक जण म्हणाला, "काऊन जी वहिनी, भाऊजी कुठी गेले?" वहिनी म्हणाली, "हायेत मांगं. गर्दीत." आणि लोक हसले, पण ते माझ्यावर हसले. वाईट हसू नव्हतं ते. त्या घडीला ती जिंकली होती, हे मला दिसलं. एवढ्यावर तोरण तुटून पोळा फुटला असता, बैल घरोघरी परतले असते, तर पुढची वर्षं वेगळी गेली असती.

झडत्या सुरू झाल्या. सावकारावर झाली, दुधात पाणी घालणाऱ्यावर झाली. मग म्हातारा आमच्या जोडीसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने डोळे मिटून माझी झडती म्हटली.

पहिल्या दोन ओळींना कोणाला काही कळलं नाही. परभावती कोण हे तिथल्या लोकांना माहीत नव्हतं. तिसऱ्या ओळीला डफडं वाजवणाऱ्याचा हात थांबला. चौथ्या ओळीला मात्र लोक मोकळेपणाने हसले, कारण बैल चुलीपुढे बसलेत हे चित्र हसण्यासारखंच होतं. गजर झाला.

वहिनीने म्हाताऱ्याकडे पाहिलं नाही. हसणाऱ्यांकडे पाहिलं नाही. तिने गर्दीत मला शोधलं आणि एकदा पाहिलं. ते नाव कोणाचं हे त्या गावात दोनच माणसांना माहीत होतं, तिला आणि मला. रीतीमुळे मी लपेन असं मला वाटलं होतं. माझ्याच विद्वत्तेने मला उघडं पाडलं. विनोद करायचा तर त्यात तरी डोकं वापरायचं, तेही मला जमलं नाही.

ती हलली नाही. तोरण तुटेपर्यंत कासरा धरून उभी राहिली. घरी येऊन बैलांचे पाय धुतले, त्यांना पुरणपोळीचा घास दिला. मग मला वाढलं. "जेवा भाऊजी," म्हणाली. मी जेवलो. त्या दिवशीची पोळी मला गोड लागली, हेही लिहून टाकतो.

हात धुऊन आलो तर कासरा माझ्या पिशवीजवळच्या खुंटीला टांगलेला होता.

"उद्यापासून हे तुमच्याकडं," वहिनी म्हणाली.

"असं काय करता, वहिनी? पोळ्यातलं कोणी मनावर घेतं का?"

"पोट्टे माहे हायेत, ते मी पाहीन. वावराचं तुमी पाहा. तुमीच पाहत होते नं आजवर? सारं गाव म्हनते."

अशा रीतीने राज्य माझ्या हातात आलं.

ते मी कसं चालवलं ते सांगायला फार वेळ लागत नाही. पेरणी एसटीच्या वेळापत्रकाने होत नाही. पहिल्या साली बी उशिरा पडलं, दुसऱ्या साली निंदण राहिलं. जो गडी ठेवला तो बैलांना उपाशी ठेवायचा आणि मी शनिवारी त्यांच्या पाठीवर थाप मारून परत जायचो. एका बैलाच्या खांद्याला जखम झाली, ती चिघळली. मग मी जोडी बाजारात विकली आणि वावर बटईने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दुसऱ्याला कसायला दिलं. राजांची माणसं दुसऱ्याचे बैल न्यायची. मी घरचेच काढले आणि सूटही कोणाला दिली नाही.

वहिनी त्यानंतर लोकांच्या वावरात रोजीने जाऊ लागली. कापूस वेचायला, निंदायला. स्वतःचं वावर त्याच पांदणीवर होतं; जाता-येता ती त्याच्याकडे पाहत असे की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलं नाही. ती मला काही कमी करत नव्हती. शनिवारी चहा, रविवारी भाकरी, "येजा भाऊजी" म्हणून निरोप. फक्त त्यानंतर तिने मला कधी इतिहास विचारला नाही.

माझं मात्र बरं चाललं होतं. एका शहरातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं. विषय मीच दिला: प्रभावती, एक आदर्श राज्यकर्ती. मी तासभर बोललो. पतिनिधनाचं दुःख गिळून, लहान मुलांसाठी, पुरुषांच्या जगात, वगैरे. पुढच्या रांगेतल्या बायांनी डोळे पुसले. शेवटी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, "पण सर, राज्य ती चालवत होती, की तिच्या बापाने पाठवलेली माणसं?"

मी सवयीने पाठ उत्तर दिलं. "विद्वानांच्या मते वडिलांच्या मदतीनेच ते शक्य झालं."

आणि म्हणताना ते मला ऐकू आलं. आपण आहोत ना लक्ष द्यायला. तेच वाक्य होतं. वखर तिने धरायचा आणि नाव बांधावर उभ्या असलेल्या माणसाचं घ्यायचं. ते विद्वान आणि मी, सगळे एकाच इस्त्रीच्या पँटीत. बापाने माणसं पाठवलीही असतील. पण ती रोज सकाळी उठून काय करत होती, हे आम्हाला कोणाला माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायचंही नव्हतं.

टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली. ती घेऊन मी गावी गेलो.

"कायची जी शाल?" वहिनीने विचारलं.

"भाषण दिलं."

"कोनावर?"

"राजांवर," मी म्हणालो.

"अस्सं." तिने शालीची घडी घातली आणि पेटीवर ठेवली. ती शाल मी आजवर अंगावर घेतलेली नाही. पण न घेण्यात काही मोठेपणा आहे असंही मला म्हणायचं नाही. खोटं बोललो होतो, एवढंच.

ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं तेव्हा मोठा पुतण्या मिसरूड फुटलेला गडी झाला होता. त्याने बटई मोडली, वावर हाती घेतलं आणि एक जोडी आणली. वहिनीने त्या बैलांच्या तोंडावरून हात फिरवला तेव्हा मी ओसरीवर होतो. तिचे केस पांढरे झाले होते. ज्या वर्षांत तिने राज्य करायचं ती वर्षं तिने लोकांच्या वावरात वाकून काढली होती.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी पुतण्या बैलांचे खांदे चोळत होता आणि वहिनी आत पुरण वाटत होती. मी चुलीपाशी जाऊन बसलो. एवढ्या वर्षांची तयारी होती, तरी वाक्य तुटतच निघालं.

"वहिनी, ती झडती मी रचली होती."

"मालूम हाय."

"माझं चुकलं."

तिचा वरवंटा थांबला नाही. "तवा सारं गाव आयकत होतं, भाऊजी. आता चुलीले सांगून काय करता?"

एवढंच बोलली. मी तिथून उठलो आणि मग माझ्यातला मास्तर पुन्हा जागा झाला. मी माफीची झडती रचायला बसलो. चार ओळी, यमक पक्कं, शेवटी 'प्रभावती' आणि 'मती'. वाचून पाहिली आणि मला ती आवडली. ती आवडली म्हणूनच फाडून चुलीत टाकली. याच आवडण्याने तेव्हा घात केला होता.

दुसऱ्या दिवशी पुतण्याने जोडी काढली. "माय, तू चाल संगं," तो म्हणाला. वहिनी नको म्हणाली. मग पायात चप्पल घालून निघाली, पण ओळीत गेली नाही. देवळाच्या ओट्याजवळ उभी राहिली. झडत्या म्हणणारा म्हातारा आता थकला होता, त्याच्या जागी त्याचा नातू होता. दोन झडत्या झाल्या आणि मी तोरणाखाली गेलो.

"मास्तर झडती म्हनून राह्यले," कोणीतरी ओरडलं. "ताम्रपटावरची म्हना जी."

लोक हसले. मी वर्गात बोलतो ती भाषा तोंडात आली आणि तिथेच सुकली. शेवटी आईकडून शिकलेली निघाली.

"झडती नाई," मी म्हणालो. "मांगं एका पोळ्याले, याच तोरनाखाली, माह्या वहिनीवर झडती झाली होती. कपाळ कोरं म्हनून. ज्याले आठवत असन त्याले असन. ते मी रचली होती."

डफडं वाजतच होतं. मागच्यांना ऐकू गेलं नसावं. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "यमक कुठी हाय, मास्तर?"

"यमक नाई," मी म्हणालो. "वावर वहिनीच वाहत होती. मी नोयतो पाहत. मी नुसता धुऱ्यावर उभा राहो अन् नाव माह्यं सांगो. तिच्या हातचा कासरा मी काढला अन् बैल इकून टाकले."

डफडं थांबलं. म्हाताऱ्याच्या नातवाने वाजवणाऱ्याचा हात धरला होता. मी ओट्याकडे वळलो. वहिनी पदर सारखा करून उभी होती आणि माझ्याकडे पाहत होती, तेव्हा पाहिलं होतं तशीच.

"वहिनी," मी म्हणालो, "साऱ्या गावापुढं तुमची माफी मांगतो. माह्यं चुकलं."